चौथा भिडू

फेब्रुवारीतल्या त्या बोटीतून उतरलो आम्ही तिघं:
मी, गॅसच्या टाक्यांवर बसून आलेला पोस्टमन,
आणि एक फ्रीज.
फ्रीजला न्यायला सहाजण आले होते.

धक्क्यावरच्या खाणावळींनी खुर्च्या
एकीवर एक रचून साखळीनं बांधून ठेवलेल्या.
फळ्यावर पाच भाषांत कोळंबी,
पाचही उन्हानं पुसट.
बंद हॉटेलाच्या पोहायच्या तलावात,
कोरड्या निळ्या तळाशी, एक बकरी उभी.
वर कसं यायचं ते विसरली असेल,
किंवा आठवत असूनही
वाऱ्यापेक्षा तिथंच बरं म्हणून.

"वरच्या खोल्या उन्हाळ्याच्या,"
पोलिक्सेनीबाई म्हणाली,
"त्यांना भिंती आहेत, ऊब नाही."
मला तिनं लेकाची खोली दिली.
कपाटात त्याचे फुटबॉलचे बूट, आणि लसणाच्या माळा.
लेक मेलबर्नला.
"तिथं आत्ता उन्हाळा आहे," असं सांगितलं तिनं
त्यानं ते मुद्दाम केल्यासारखं.

आत्ता कशी आलीस, सगळ्यांनी विचारलं.
बेकरीवाल्यानं, सुटे मोजता मोजता.
पाद्र्यानं, बंद पडलेली मोटारसायकल चढावर ढकलताना;
मीही मागून हात लावला, म्हणून उत्तर द्यावं लागलं.
स्वस्त पडतं, म्हटलं.
खरंच होतं ते,
आणि कुणाचा विश्वास बसला नाही.

मग वारा सुटला तो सुटलाच.
बंदराच्या कचेरीत कालिरोई नावाची पोरगी
रोज सकाळी आतून काचेवर
वाऱ्याचा आकडा चिकटवायची.
आठ.
आठ.
नऊ.
बोट नाही.
आधी टोमॅटो संपले, मग दूध,
मग, ज्याची गावाला खरी धास्ती, त्या सिगरेटी.

कॉफीच्या दुकानात शेगडीपाशी
डाव तीन हातांवर अडून बसलेला.
चौथा, मान्थोस,
डोळ्याच्या ऑपरेशनला अथेन्सला गेलेला.
खुर्चीवर त्याची विटकी उशी तेवढी होती.
स्तामातिसनं पायानं खुर्ची माझ्याकडं सरकवली.
बोलला काही नाही.

मला ग्रीक यायचं ते चार शब्द:
भाकरी, किती, आभार, उद्या.
पत्त्यांना तेवढं पुरतं.
बदामाला ते पेला म्हणतात,
किलवराला तलवार, इस्पिकाला काठी.
चौकट कळली नाही, तिला मी चौकटच म्हणत राहिले;
दुसऱ्या रात्री तेही म्हणू लागले.

तिसऱ्या रात्री तलवारीच्या जागी मी पेला टाकला.
थ्रासिवुलोस म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला
आणि मला एक शिवी हासडली,
चांगली लांब, संतांची नावं असलेली.
दुकान गप्प झालं.
पत्ते पिसताना माझे कान गरम होते, आणि
सांगायला हरकत नाही,
अख्ख्या प्रवासात मला इतकं बरं
कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या सकाळी काचेवर चार.
गाव धक्क्यावर लोटलं.
बोटीनं जबडा उघडला,
कोबी आले, दूध आलं, सिगरेटींच्या खोक्याला
लग्नातल्या नवऱ्यासारखी वाट मिळाली,
आणि त्यामागून एका डोळ्याला पट्टी बांधलेला मान्थोस,
हातात औषधांची पिशवी.
स्तामातिसनं माझ्याकडं हात करून
त्याला बराच वेळ काहीतरी सांगितलं.
मान्थोसनं उरलेल्या डोळ्यानं मला नीट पाहिलं.
"किती?"
माझ्याच चारांतला शब्द.
किती हरलीस माझ्या खुर्चीत.
मी बोटांनी दाखवलं: अकरा कॉफ्या.

बोटीचं दार वर चढायला लागलं
तेव्हा तो पाकीट काढून मोजत होता.
मग मान वर करून
माझ्या दिशेनं काहीतरी ओरडला.
वारा नव्हता. शब्द स्वच्छ पोचला,
अर्थ नाही.
शिवीच असावी,
निदान मी तशी आशा धरून आहे.